‘येतो’ म्हणणाऱ्यांनो, आधी पैसे टाका

डिसेंबर संपत आला की मित्रांच्या ग्रुपवर वर्षभराच्या सहलींचा तो व्हिडिओ येतो. देवगिरीवर मेंढा तोफेजवळचा फोटो, नळदुर्गचा धबधबा, पैठणच्या नाथसागरावरचे रोहित पक्षी, मागं गाणं आणि खाली ओळ: ‘काय भारी वर्ष गेलं रे आपलं!’ टाकणारा कोण? वर्षभर सहलीच्या आदल्या रात्री ‘नाही जमायलं’ म्हणून अंग काढून घेणारा. त्यावर बदाम टाकणारे कोण? ज्यांच्याकडं गाडीभाड्याचे पैसे अजून अडकलेत ते. संताप होतो हे बघून. हे वर्ष कुणाच्या जिवावर भारी गेलं, त्याचा हिशोब एकदा सगळ्यांसमोर मांडलाच पाहिजे.

सात जण ‘येतो’ म्हणतात म्हणून सात सीटची गाडी ठरते. बाहेरगावच्या गाडीला दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरतात, तुम्ही २२० फिरा नाहीतर २८०. समजा दर किलोमीटरला १८ रुपये. झाले ५,४००. ड्रायव्हरचा भत्ता ५०० आणि टोल, पार्किंग मिळून ४०० धरा. एकूण ६,३००, माणशी ९००. आता रात्री साडेदहाला दोघं गळतात. गाडीवाला भाडं कमी करत नाही, आणि त्यानं का करावं? तुमच्यासाठी त्यानं दुसरं गिऱ्हाईक सोडलेलं असतं. उरलेल्या पाचांवर माणशी १,२६० बसतात. पहाटे तिसरा फोनच उचलत नाही, मग १,५७५. म्हणजे जो शब्दाला जागला, चारला उठून ठरल्या जागी येऊन उभा राहिला, त्याला पावणेसातशेचा भुर्दंड. जो पांघरूण ओढून झोपला त्याला काहीच नाही. ही कुठली रीत झाली?

खरं कारण असलं तर कुणी काही बोलत नाही. दसऱ्याच्या आसपास सोयाबीन काढून रानात पडलंय, आभाळ आलंय आणि मजूर मिळेना, तर माणूस रान सोडून किल्ले बघायला येणार नाही, येऊही नये. घरात कुणी दवाखान्यात असेल तर विषयच संपला. राग आहे तो पंधरा दिवस आधी लग्नाची पत्रिका हातात असताना ‘टाक बे माझं नाव’ म्हणणाऱ्यांवर. न येणं त्यांना आधीपासून माहीत असतं. नाही म्हणायचा वाईटपणा नको म्हणून ते हो म्हणतात, आणि तो वाईटपणा शेवटी ठरवणाऱ्याच्या गळ्यात पडतो. बाकीचे चौघं चिडतात तेही त्याच्यावरच.

दुसरा त्रास तारीख हलवणाऱ्यांचा. ‘रविवारी नको, सोमवारी जाऊ ना, मी सुट्टी टाकतो.’ अरे, अजिंठा सोमवारी बंद असतं! आणि वेरूळ मंगळवारी. दरवर्षी हे सांगावं लागतं, दरवर्षी कुणीतरी ‘असं का?’ म्हणतं. नळदुर्गचं तर याहून अवघड. किल्ल्यातल्या पाणीमहालाच्या, म्हणजे पोटात महाल असलेल्या बांधावरून नर आणि मादी धबधबे कोसळतात ते बोरी नदीला पाणी असलं तरच, म्हणजे चांगल्या पावसाच्या वर्षी मोजके आठवडे. १६१३ साली बांधलेला तो बांध बारा महिने जागेवर आहे, पाणी नाही. दोन रविवार पुढं ढकलले की समोर नुसती कोरडी भिंत उरते. आणि मग पुढं ढकलायला लावणाराच म्हणतो, ‘एवढं काही विशेष नाही राव.’

पहाटे पाचला निघायचं ठरतं, गाडी हलते साडेसातला. कारण एकाला ‘फक्त दहा मिनिटं’ लागतात आणि दुसऱ्याला वाटेत नाष्टा पाहिजे. हे अडीच तास कुठं जातात ते ऐका. नाथसागराच्या काठावर हिवाळ्यात उजाडताना पोचलं तर पट्टकादंब, चक्रवाक, रोहित असे पाणपक्षी निवांत जवळ दिसतात. नऊनंतर काठावर माणसं, जनावरं, होड्या सुरू होतात, पक्षी आत सरकतात आणि पाण्यावरून हवा थरथरायला लागते. तेव्हा महागातली दुर्बीण असली तरी ठिपकेच दिसणार. अजिंठ्याला फर्दापूरच्या फाट्यावर स्वतःची गाडी सोडून बसनं चार किलोमीटर आत जावं लागतं, त्या रांगेत उशिरा येणाऱ्याचा तास जातो, मग पायऱ्या भर उन्हात. आणि ज्या चित्रांसाठी एवढं यायचं, त्या १, २, १६ आणि १७ नंबरच्या लेण्यांत गर्दीमुळं धड उभंही राहता येत नाही. अंतूर किंवा वेताळवाडीच्या किल्ल्यावर पाणी विकायला कुणी बसलेलं नसतं. माणशी तीन लिटर घ्या म्हणून सांगितलेलं असतं. एक लिटरची एक बाटली घेऊन येणारा अकरा वाजता दुसऱ्याच्या पाण्यावर जगतो, आणि मार्चनंतरच्या आपल्याकडच्या उन्हात हा प्रकार जिवावर बेतू शकतो.

वर्षातली मोठी सहल रेल्वेची असली तर आणखी नुकसान. आता आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. एका तिकिटावर सहाच नावं बसतात, म्हणजे सात जणांची दोन तिकिटं काढायची आणि डबे वेगळे आले तर ते सहन करायचं. एवढं करून एकानं माघार घेतली तर त्याच्या जागी दुसरा मित्र नेता येत नाही. नाव बदलून मिळतं ते आईवडील, भाऊबहीण, नवराबायको, मुलं यांच्याच नावावर. मित्रासाठी नवीन तिकीट काढायचं, म्हणजे आदल्या दिवशी तत्काळ: एसीचं सकाळी १० ला, बाकीचं ११ ला. रद्द केलेल्याचे पैसे कापले जातात, जितका उशीर तितके जास्त. ते कापलेले पैसे कोण भरतं? ज्याच्या खात्यातून तिकीट निघालं तो. महिनाभरानं त्यानं आठवण केली तर ‘एवढ्याशासाठी काय रे, दोस्तीत असं असतं का?’ दोस्तीत असं नसतंच! दोस्ती असती तर मागायची वेळच आली नसती.

आता सामानाचं. ज्याला छंद आहे त्याच्याकडं तंबू असतो, दुर्बीण असते, डोक्याला लावायची बॅटरी असते. ते त्यानं वर्षानुवर्षं पैसे साठवून घेतलेलं असतं. ‘दोन दिवस दे ना’ म्हणून तंबू जातो आणि पावसात भिजलेला, तसाच कोंबून, आठ दिवसांनी परत येतो. ओला तंबू पिशवीत दोन-तीन दिवस राहिला तरी त्याला काळे ठिपके पडतात, कुबट वास धरतो, आणि आतून पाणी अडवायला जो थर दिलेला असतो तो चिकट होऊन पापुद्र्यासारखा सुटायला लागतो. तो थर गेला की तंबू गेला. करायचं एवढंच असतं: घरी पोचल्याबरोबर आतला आणि वरचा कपडा वेगळा करून सावलीत दोरीवर टाकायचा, पूर्ण वाळला की खालची काळी माती मऊ ब्रशनं झटकायची. चिखल ओला असताना घासला तर माती कापडात आणखी मुरते. काठ्या ज्या कापडी बाहीत बसतात, तिच्यातून काढताना त्या ओढायच्या नसतात, ढकलायच्या असतात. ओढल्या की सांधे आतल्या आत सुटतात, तिथं अडकतात आणि बाही फाटते. जोर लावला की आतलं इलॅस्टिकही तुटतं. खुंट्या चौदा दिलेल्या असतात, नऊ परत येतात, त्यातल्या चार वाकलेल्या, कारण खाली खडक लागलाय हे कळत असूनही त्या दगडानं ठोकलेल्या असतात. तिथं खुंटीच्या जागी दगडाला दोर बांधावा, हे नेताना सांगितलेलं असतं. बॅटरीत सेल तसेच ठेवून महिनाभर पडून राहिली की सेल पाझरतात आणि पट्ट्या गंजून जातात. दुर्बिणीची काच शर्टाच्या टोकानं पुसली की तिच्यावर बसलेली धूळच घासली जाते, वरच्या लेपावर चरे उठतात आणि ते पुन्हा निघत नाहीत. आधी फुंकणीनं धूळ उडवायची, मग काचेचा मऊ कपडा. दोन मिनिटांचं काम. ते न करता ‘थोडी धूळ बसलीय बघ’ म्हणून वस्तू हातात ठेवणाऱ्याला मित्र कसं म्हणायचं? ८×४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटरच्या भिंगाची बरी दुर्बीण घ्यायला लहान गावातल्या पगारदाराला वर्ष-वर्ष थांबावं लागतं, याची जराही जाणीव नाही.

फोटोंचा तगादा हाही एक छळ आहे. सहलीहून उतरायच्या आत ‘माझे फोटो टाक’ सुरू. शेकडो फोटो चाळून निवडायचे, टाकायचे, मग तक्रार येते की ‘फुटतायत’. व्हॉट्सॲपवर साधा फोटो दाबून लहान होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तरच आहे तसा जातो. तसे पाठवले की ‘मोबाईल भरला रे’. आणि शेवटच्या व्हिडिओत फोटो काढणारा स्वतः कुठंच दिसत नाही. त्याच्या हातातला कॅमेरा मिनिटभर धरायचं कुणाला सुचत नाही.

आता त्याच व्हिडिओखाली ‘पुढच्या वर्षी हंपी करू, मी शंभर टक्के’ सुरू झालंय. नुसत्या ‘मी’वर आता गाडी ठरणार नाही. गाडी ठरायच्या आधी माणशी ९०० जमा, चार दिवस आधीपर्यंत रद्द केलं तर पूर्ण परत, त्यानंतर एक रुपयाही परत नाही. स्वतःच्या जागी माणूस आणून दिला तर पैसे त्या दोघांनी आपसात बघावेत. तंबू नेणाऱ्यानं आधी अनामत ठेवायची, परत आणल्यावर समोर उघडून दाखवायचा, खुंट्या मोजून द्यायच्या. आणि पैसे चौघांचेच आले तर सात सीटची गाडी कशाला? छोटी गाडी १३ रुपयांच्या दरानं मिळाली तर ३०० किलोमीटरचे ३,९००, भत्ता, टोल, पार्किंग धरून ४,८००, माणशी १,२००. सातांच्या गाडीत चौघं बसण्यापेक्षा माणशी ३७५ वाचतात, आणि ते चौघं पाचला ठरल्या जागी उभे असतात.