वय वंदना कार्ड जरूर काढा, पण त्याच्या भरवशावर पॉलिसी मोडू नका

सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाने आयुष्मान वय वंदना कार्ड काढावं, या मताचा मी आहे. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मी आणि आणखी दोघं मिळून लोकांना ते काढूनही देतो. पण हल्ली एक नवीनच खूळ शिरलंय. कार्ड मोबाईलवर आलं रे आलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "काका, मग आता मेडिक्लेम बंद केला तर चालेल ना?" एक गृहस्थ तर बंद करूनच सांगायला आले. बावीस वर्षं हप्ते भरलेली पॉलिसी होती आणि नूतनीकरणाची तारीख उलटून गेली होती. वर चेहऱ्यावर पैसे वाचवल्याचा आनंद! म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय. मुलामुलींनो, तुमच्या आईवडिलांसाठी वाचा.

आधी कार्डाबद्दल. केंद्रीय मंत्रिमंडळाने ११ सप्टेंबर २०२४ ला निर्णय घेतला आणि २९ ऑक्टोबर २०२४ ला, धन्वंतरी जयंतीच्या दिवशी, योजना सुरू झाली. वय ७० पूर्ण झालेलं असणं ही एकच अट. उत्पन्न विचारत नाहीत. पेन्शन लाखभर असो, कोथरूडला दोन फ्लॅट असोत, इन्कम टॅक्स भरत असा, काही फरक पडत नाही. हप्ता शून्य. वर्षाला ५ लाखांपर्यंत रुग्णालयात भरती होऊन घेतलेले उपचार मोफत. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मधुमेह, रक्तदाब, जुनी अँजिओप्लास्टी, काहीही असलं तरी पहिल्या दिवसापासून संरक्षण. सत्तरीच्या माणसाला असं खासगी कंपनी सहसा देत नाही. एवढ्यासाठी सरकारचं कौतुक करायला मला काही वाटत नाही.

आता बारीक अक्षरातलं. हे ५ लाख माणशी नाहीत. नवरा ७६ चा आणि बायको ७१ ची असेल तर दोघांत मिळून ५ लाख. बायको ६६ ची असेल तर ती या कार्डात येतच नाही, तिचं काय ते पुढे सांगतो. ज्यांचं घर आधीपासून आयुष्मान योजनेत आहे, त्यांच्या ज्येष्ठांना मात्र वेगळे ५ लाख मिळतात. ते मुलानातवंडांबरोबर वाटून घ्यावे लागत नाहीत.

कार्ड काढणं फुकट आहे आणि आयुष्मान ॲपवर घरबसल्या होतं. पण त्यातली खरी मजा आमच्या संघाच्या खोलीत येऊन बघा. वय आधारवरून धरतात. एका मावशींच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मसाल १९५३ आणि आधारवर १९५८, कारण त्या वेळी शिबिरातल्या पोराने अंदाजे टाकलेलं! झालं, मावशी कागदोपत्री पाच वर्षांनी तरुण आणि योजनेबाहेर. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, तेव्हा पुरावा नीट जमवूनच केंद्रावर जा. दुसरी अडचण मोबाईलची. आधारला जोडलेला नंबर मुलाचा, मुलगा बंगळुरात मीटिंगमध्ये, तो फोन उचलेपर्यंत ओटीपीची वेळ संपलेली. बोटांचे ठसे घ्यावेत तर आयुष्यभर भांडी घासून, शेतात राबून ते पार पुसट झालेले. मग राहता राहिला चेहरा. ॲप म्हणतं डोळ्यांची उघडझाप करा, आणि आजोबा फोटो काढायचाय समजून श्वास रोखून टक लावून बसतात. "मिचकवा हो," म्हटलं की दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतात. हसू नका, आपणही तिथेच पोहोचणार आहोत. पण हे सगळं आज घरी बसून करण्यात आणि रात्री दोन वाजता इमर्जन्सीच्या दारात करण्यात फार फरक आहे. म्हणून कार्ड धडधाकट असतानाच काढा.

मग पॉलिसी का नको मोडू?

पहिलं कारण, कार्ड सगळ्या रुग्णालयांत चालत नाही. योजनेशी जोडलेल्या रुग्णालयातच चालतं, आणि तिथेही सगळ्या विभागांना चालेलच असं नाही. एखादं रुग्णालय हृदयरोगासाठी योजनेत असतं, पण हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी नसतं. काही उपचार सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात. त्यामुळे "तुमच्याकडे आयुष्मान चालतं का?" हा प्रश्न अर्धवट आहे. दारातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, विचारायचं, "या आजाराचं पॅकेज इथे आहे का, आणि मंजुरी यायला किती वेळ लागेल?" उत्तर मिळेपर्यंत डिपॉझिट भरू नका. आमच्या ओळखीतल्या एका आजींच्या बाबतीत, योजनेत असलेल्या रुग्णालयातच "आधी पन्नास हजार भरा, नंतर बघू" असं सांगितलं गेलं. नातू हुशार, त्याने तिथेच उभं राहून आयुष्मानच्या हेल्पलाइनला, १४५५५ ला, फोन लावला. तो फोनवर बोलत असतानाच काउंटरवरच्या माणसाची भाषा बदलली. महाराष्ट्राच्या स्वतःच्या योजनेचा (तिच्याबद्दल पुढे सांगतो) नंबर १५५३८८. दोन्ही नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.

आणि योजनेबाहेरच्या रुग्णालयात गेलात, बिल भरलंत, तर नंतर कागद दाखवून पैसे परत मागायची सोय यात नाही. रस्त्यात चक्कर येऊन पडलात आणि लोकांनी जवळच्या भल्यामोठ्या खासगी रुग्णालयात नेलं, तर ते कार्ड खिशातच राहतं. तिथे कामाला येते ती तुमची जुनी पॉलिसी.

दुसरं कारण खोलीचं. योजनेत जनरल वॉर्ड. मला स्वतःला त्यात काही वावगं वाटत नाही, उलट शेजारच्या कॉटवरच्या माणसाशी गप्पा होतात. पण ज्यांना स्वतंत्र खोलीच हवी त्यांनी आताच स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवावं. ऐन वेळी सून खोलीचा आग्रह धरते आणि मग योजना बाजूला राहून बिल सुरू होतं.

तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. निवृत्त माणसाचा पैसा मुख्यतः ऑपरेशनमध्ये जातच नाही. तो जातो महिन्याच्या गोळ्यांत, दर तीन महिन्यांच्या रक्त तपासणीत, डॉक्टरांच्या फीमध्ये, दातांत, कानाच्या यंत्रात. वय वंदना कार्डात ओपीडी नाही. भरती झालात तर आधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यावरचे पंधरा दिवस औषधं-तपासण्या धरतात, एवढंच. आता कोणी म्हणेल, मेडिक्लेममध्ये तरी ओपीडी कुठे असते? बरोबर, बहुतेकांत नसते. म्हणूनच माझं म्हणणं आहे की कार्ड आणि पॉलिसी दोन्ही असली तरी महिन्याच्या औषधांचा डबा वेगळाच भरावा लागतो. त्यासाठी जनऔषधी केंद्राची सवय लावून घ्या. डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून मागा, लाजू नका. शिवाय महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपरपासून तपासणीपर्यंत सगळं मोफत आहे. गावाकडे राहणाऱ्या पेन्शनरांनी याचा फायदा घ्यावा. पांढरपेशा माणूस तिकडे फिरकतच नाही, हा आपला हट्ट आहे.

पॉलिसीचा हप्ता परवडत नाही, हे मात्र मी नाकारत नाही. बहात्तर वर्षांच्या जोडप्याला वर्षाचा हप्ता पेन्शनच्या दोन-दोन महिन्यांएवढा येतो, हे मी बघितलंय. इथे दोन बातम्या माहीत असू द्या. जानेवारी २०२५ मध्ये विमा नियामकाने कंपन्यांना सांगितलं की ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर आधी आम्हाला विचारा. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. एवढं करूनही जड जात असेल तर मोडण्याआधी कंपनीला विचारा की विमा रक्कम कमी करून किंवा पहिले एक-दोन लाख आम्ही सोसतो असं ठरवून हप्ता किती खाली येईल. आता पहिले ५ लाख कार्डावर निघू शकतात, तेव्हा हा व्यवहार सत्तरीपुढच्या माणसाला खरोखर जमण्यासारखा आहे. एजंट हे आपणहून सांगणार नाही.

"पुन्हा वाटलं तर नवीन घेऊ" असं म्हणणाऱ्यांसाठी. एप्रिल २०२४ पासून विमा घ्यायला वयाची वरची मर्यादा राहिलेली नाही, हे खरं. पण कंपनी तुमची तपासणी करणार, नकार देऊ शकणार, आणि घेतलंच तरी जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकणार. पंच्याहत्तरीत तीन वर्षं थांबायची कोणाची तयारी आहे?

आता माझ्यासारखे केंद्र सरकारचे पेन्शनर. आपल्याकडे सीजीएचएस, म्हणजे केंद्राची कर्मचारी-पेन्शनरांसाठीची आरोग्य योजना, आहे, आणि इथे नियम स्पष्ट आहे: सीजीएचएस किंवा वय वंदना, दोन्हीपैकी एक. माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्य योजनेलाही हेच लागू. शिबिरात उत्साही कार्यकर्ता "फुकट आहे, घ्या हो काका" म्हणतो आणि काका अंगठा पुढे करतात. काका, थांबा. सीजीएचएसमध्ये डॉक्टर, तपासण्या, महिन्याची औषधं, सगळं येतं. वर तुमच्या मूळ पगाराप्रमाणे खासगी खोलीचाही हक्क असतो, आणि ५ लाखांची वेस तिथे नाही. पगाराच्या लेव्हल ७ ते ११ मधून निवृत्त झालेल्याला महिन्याला ६५० रुपये पडतात. दहा वर्षांचे एकरकमी, म्हणजे ७८,००० भरले की आयुष्यभराचं कार्ड. ग्रॅच्युइटी हातात आली की पहिल्यांदा हे भरा, सोफासेट नंतर. पुण्यात दवाखान्यात रांग असते, एखादं औषध "इंडेंट करावं लागेल, परवा या" असं होतं, सगळं मान्य. तरी सीजीएचएस सोडून वय वंदना घेणं हा शुद्ध वेडेपणा आहे. सीजीएचएसचं शहर सोडून गावी राहत असाल आणि दरमहा १,००० रुपयांचा वैद्यकीय भत्ता घेत असाल, तरी भत्ता पुरतो का याचा हिशेब एकदा मांडा.

खासगी पॉलिसीवाले आणि ईएसआयवाले, म्हणजे कामगार विमा योजनेतले लोक, यांना अशी निवड करावी लागत नाही. ते दोन्ही ठेवू शकतात. ईएसआयवरून आठवलं, कारखान्यातून निवृत्त झालेल्या फार थोड्यांना हे ठाऊक असतं: किमान पाच वर्षं ईएसआयमध्ये राहून वयोमानाने निवृत्त झालेल्याला वर्षाला फक्त १२० रुपये भरून नवरा-बायको दोघांचे उपचार पुढे चालू ठेवता येतात. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातल्या लोकांनी कंपनीचे जुने कागद काढा.

राज्य सरकारच्या निवृत्तांची, विशेषतः जिल्हा परिषदेच्या शिक्षकांची, मात्र मला मनापासून चीड येईल इतकी आबाळ आहे. आयुष्यभर निवडणुकीपासून जनगणनेपर्यंत कामं करून घेतली, आणि निवृत्तीनंतर सीजीएचएससारखी यंत्रणा नाही. गुरुजी अठ्ठावन्नाव्या वर्षी मोकळे होतात आणि वय वंदना सत्तरीत. मधली बारा वर्षं? हृदय काय सत्तरी पूर्ण होण्याची वाट बघतं?

त्या मधल्या बारा वर्षांचं, आणि वर सांगितलेल्या ६६ वर्षांच्या बायकोचं उत्तर आपल्याच राज्यात आहे आणि ते कपाटात पडलंय. रेशनकार्ड. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झालेली, आणि आता महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालणारी आपली योजना पूर्वी पिवळ्या-केशरी कार्डापुरती होती आणि मर्यादा दीड लाखाची. २०२३ मध्ये सरकारने ती कुटुंबाला ५ लाख केली आणि सगळ्यांना खुली केली. म्हणजे पांढऱ्या कार्डवाल्यांनाही. रेशनकार्ड नसेल तर अधिवास प्रमाणपत्रावरही. सोसायटीत राहणाऱ्यांना हे सांगितलं की ते माझ्याकडे संशयाने बघतात, "पांढऱ्या कार्डावर काही मिळतं?" तांदूळ मिळत नाही म्हणून वीस वर्षं कोणी त्या कार्डाला हात लावलेला नाही. कोणाचं नाव अजून सांगलीला मोठ्या भावाच्या कार्डात, कोणाच्या कार्डात लग्न होऊन गेलेली मुलगी आहे पण बायको नाही. हे सगळं दुरुस्त करायला तहसीलला किंवा परिमंडळ कार्यालयात खेटे घालावे लागतात, हे खरं आहे. पण साठ ते सत्तरच्या मध्ये असलेल्या माणसाने या वर्षी दुसरं काहीच केलं नाही तरी चालेल, एवढं एक करावं. नाव, स्पेलिंग, जन्मतारीख आधारशी जुळतेय का बघा. भरतीच्या वेळी मंजुरी अडते ती बहुतेकदा इथेच.

मुलाच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत नाव आहे म्हणून निश्चिंत असणाऱ्यांना एकच सांगतो. मुलाने नोकरी सोडली की ते नाव त्याच दिवशी गेलं. आणि मुलं नोकरी सोडताना आईवडिलांना विचारत नाहीत.

कोणाची पॉलिसी येत्या महिन्यात संपत असेल तर बंद करण्याआधी इथे कॉमेंटमध्ये विचारा. वय, कुठल्या खात्यातून निवृत्त आणि रेशनकार्डाचा रंग, एवढं लिहिलंत तरी मला सांगता येईल. आधार नंबर कॉमेंटमध्ये टाकू नका, आणि "आयुष्मानमधून बोलतोय, ओटीपी सांगा" म्हणणाऱ्याचा फोन आला तर ठेवून द्या. संघाची खोली मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी दहा ते बारा उघडी असते. येताना आधारला जोडलेला मोबाईल बरोबर आणा, चार्ज करून.