बोटीवरून घरी

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये व्यापारी जहाजांवरच्या खलाशांना घरी जाताना रेल्वेभाड्यात सवलत मिळावी, हा विषय पार्लमेंटपर्यंत गेला होता. मागणी रास्तच होती. पाणबुड्यांच्या माऱ्यातून धान्य, तेल, दारूगोळा हीच माणसं आणत होती. पण अंगावर गणवेश नाही, म्हणून लोक त्यांना लढाई चुकवणारे समजायचे. १९४० पासून कोटाला लावायला ‘एम.एन.’ (मर्चंट नेव्ही) अक्षरांचा चंदेरी बिल्ला मिळाला, तेव्हा कुठे ओळख पटायला लागली.

हे वाचलं की मला आजोबा आठवतात. जयगडच्या खाडीकाठचे. तेही ब्रिटिश जहाजावर, सारंगाच्या, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाच्या, हाताखाली होते. त्या युद्धात सहा हजारांहून जास्त हिंदी खलाशी बळी गेले. आजोबा परत आले.

पण परत आले म्हणजे मुंबईला आले. पुढे कोकणात रेल्वे होती कुठे? ती पूर्ण झाली १९९८ ला! गोव्याच्या खलाशांना निदान लोंढा-कॅसलरॉकवरून मुरगावपर्यंत गाडी होती. आमचा माणूस समुद्राला विटून उतरायचा आणि भाऊच्या धक्क्यावर पुन्हा आगबोटीच्या डेकवर पथारी टाकायचा. आगबोट जयगडला खोल पाण्यात थांबे, तिथून काठापर्यंत पडाव, म्हणजे होडी. आजी सांगायची, पडाव वाळूला लागायच्या आधीच हे गुडघाभर पाण्यात उतरायचे. ट्रंक डोक्यावर, चपला हातात.

पावसाळ्यात आगबोटी बंद. मग मुंबईहून पुणे, तिथे मीटरगेजची गाडी धरून कोल्हापूर, पुढे मोटारीने आंबा घाट उतरून रत्नागिरी, आणि तिथून जयगडची वाट वेगळीच. नुसत्या रेल्वेभाड्याची सवलत अशा माणसाला कितीशी पुरणार? खलाशाला सवलत द्यायची तर जहाजाच्या शिडीपासून घराच्या उंबऱ्यापर्यंतचा प्रवास धरूनच द्यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

आता रेल्वे आहे. आमच्या वाडीतली पाच-सहा मुलं आजही बोटीवर आहेत. साइन ऑफची, म्हणजे बोटीवरून उतरायची, तारीख आयत्या वेळी बदलते, आणि गणपतीची रिझर्वेशनं तर कधीच फुल्ल झालेली असतात. मागच्या वर्षी माझा पुतण्या नऊ महिन्यांनी उतरला आणि पनवेलपासून चिपळूणपर्यंत दाराशी बॅगेवर बसून आला. सैन्यातल्या लोकांसाठी गाड्यांत कोटा असतो, तसे कोकणच्या गाड्यांत खलाशांसाठी प्रत्येक गाडीला निदान चार बर्थ ठेवा. सीडीसी, म्हणजे खलाशाची नोंदवही, दाखवली की मिळावेत, एवढंच मागणं आहे.