प्रार्थनेचे श्रेय कोणाला?

काल कट्ट्यावर जो वाद रंगला, त्याला निमित्त झाले आमच्या बँकवाल्या मित्राच्या पाच वर्षांच्या मुलीचे. ती रोज झोपण्यापूर्वी हात जोडून मोठ्याने प्रार्थना करते. परवा तिने देवाकडे तीन गोष्टी मागितल्या: आजोबांचा गुडघा दुखू नये, हरवलेले खोडरबर सापडावे आणि बाबांनी आईवर ओरडू नये. बापाने रात्रीच नवे खोडरबर दप्तरात ठेवले आणि सकाळी ‘बघ, देवाने तुझे ऐकले’ असे तिला सांगितले. ही हकिकत त्याने आम्हाला ऐकवली तीही मोठ्या कौतुकाने.

वकिलाला हे मुळीच रुचले नाही. ही सरळ फसवणूक आहे, असे म्हणून त्याने संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेचे चौदावे कलम काढले. मुलाला विचाराचे आणि धर्माचे स्वातंत्र्य आहे, आईवडिलांनी मार्गदर्शन जरूर करावे, पण ते मुलाच्या वाढत्या समजेला धरून असावे, असे ते कलम सांगते. खोडरबराच्या प्रकरणात आंतरराष्ट्रीय कायदा आणण्याची हौस फक्त आमच्या वकिलालाच असू शकते.

मास्तरांचा आक्षेप वेगळा होता. लहान मुलाची श्रद्धा म्हणजे निव्वळ मोठ्यांचे अनुकरण, असे आपण गृहीत धरतो, ते त्यांना मान्य नव्हते. त्यांनी मानसशास्त्रज्ञ जस्टिन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 2001 मधील प्रयोगाचा दाखला दिला. बिस्किटांच्या बंद खोक्यात प्रत्यक्षात खडे आहेत हे मुलांना दाखवून, आईने हे खोके पाहिले तर आत काय आहे असे तिला वाटेल आणि देवाला काय वाटेल, असे त्यांना विचारले गेले. अगदी लहान मुलांच्या मते दोघांनाही खरे काय ते ठाऊक असणार होते. पाच-सहा वर्षांची बहुतेक मुले मात्र म्हणाली की आई फसेल, देव फसणार नाही. म्हणजे आईची नजर कुठवर पोहोचते हे ज्या वयात मुलाला उमगू लागते, त्याच वयात देवाला ते या मर्यादेतून वगळते. या भेदाला भाबडेपणा म्हणायला मास्तर तयार नव्हते.

एवढा वेळ गप्प बसलेल्या डॉक्टरीणबाईंनी मग वादाचा रोखच बदलला. त्यांच्या मते खोडरबर ठेवण्यात काही बिघडले नव्हते. बिघडले ते सकाळच्या त्या एका वाक्यात. दोन ते सात वर्षांच्या टप्प्यातील मुलाला आपल्या मनातल्या इच्छेमुळे बाहेरच्या घटना घडतात असे सहज वाटते, हे स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच नोंदवून ठेवले आहे. अशा वयात ‘तू मागितलेस म्हणून मिळाले’ असे श्रेय आपण मुलाच्या खात्यावर जमा केले, तर उद्या आजोबा गंभीर आजारी पडून गेले तेव्हा नावे टाकली जाणारी रक्कमही त्याच खात्यावर पडते. मूल मग आपण एका रात्री प्रार्थना न करता झोपलो, किंवा आजोबांचा कधी राग केला, हे आठवत बसते आणि कोणाला काही सांगत नाही. म्हणून आजारपण किंवा मृत्यू कशामुळे आला हे मुलाला साध्या शब्दांत सांगावे, आणि तू केलेल्या, न केलेल्या किंवा मनात आणलेल्या कशामुळेही हे घडलेले नाही, हे ते विचारण्याची वाट न पाहता सांगावे, असा त्यांचा आग्रह होता. श्रद्धा असणाऱ्या घरातही हे सांगता येते. त्यासाठी देव नाकारावा लागत नाही.

मला त्यांचे म्हणणे पटले, पण त्यांचा पुढचा प्रश्न अधिक बोचरा होता. ‘तिसऱ्या मागणीचे तू काय केलेस?’ असे त्यांनी बँकवाल्याला विचारले. बाजारात मिळणारी वस्तू त्याने तत्परतेने आणून दिली होती. जे केवळ त्याच्याच हातात होते, ते त्याने ‘पोरगी काहीबाही बोलते’ म्हणून हसण्यावारी नेले होते. त्याच्यापाशी उत्तर नव्हते.

वकिलाने लगेच हरकत घेतली की मुलीचे देवाशी चाललेले बोलणे पुरावा म्हणून वापरणे गैर आहे. मास्तरांनी यावर मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 1967 मधील अभ्यास सांगितला. त्यात कुत्री-मांजरे प्रार्थना करतात का, असेही मुलांना विचारले होते. पाच-सात वर्षांच्या मुलांची प्रार्थनेची कल्पना धूसर असते, पुढे ती वस्तू मागण्याशी जोडली जाते, आणि नऊ ते बाराच्या सुमारास ती मनातले खाजगी बोलणे होते, असे त्यांना आढळले. मुलगी आज बापासमोर मोठ्याने बोलते आहे, तेव्हा त्याने ते ऐकावे आणि आपल्या वाट्याचे काम करावे. ती मनात बोलू लागेल तेव्हा मात्र काय मागितलेस हे विचारू नये, इथवर वकील आणि मास्तर यांचे कसेबसे एकमत झाले. ज्या बापाचा स्वतःचा देवावर विश्वास नाही त्याने मुलीशेजारी बसून हात जोडावेत की नुसते बसावे, यावर मात्र दोघेही उठेपर्यंत भांडत होते.