आठ अक्षरी शेजारधर्म

सगळ्यात आधी घरच्या वायफायचा पासवर्ड. एक ते आठ आकडे ओळीने दाबायचे, संपलं. वायफायचं कुलूप असतं ना, डब्ल्यूपीए-टू, ते म्हणतं कमीत कमी ८ अक्षरं पाहिजेत, आपली बरोब्बर ८ झाली की. नववं घालणारा म्हणजे पंगतीत तिसऱ्यांदा कुंदा मागणारा. आकडे नको असतील तर पोराचं नाव आणि पुढे जन्मसाल, गल्लीत सगळ्यांना बारशापासून पाठ आहे, आपण विसरलो तर समोरच्या वहिनी सांगतील.

काही लोक उगाच घाबरवतात बघा. म्हणे फोन राऊटरला जोडताना दोघांत चार निरोपांची देवाणघेवाण होते, ती कुणी हवेतून टिपली की पुढचं अंदाज लावायचं काम तो आपल्या घरी कॉम्प्युटरला लावून देतो आणि स्वतः झोपतो, तुमच्या दारात उभं पण राहावं लागत नाही. मग बरंच की! पावसाळ्यात आमच्या बेळगावात दारात उभं राहायचं म्हणजे चेष्टा आहे काय, चार चार दिवस झड लागते.

पासवर्ड लिहून कुठे ठेवायचा हा खरा प्रश्न. आमच्या वडगावच्या घरात नेट जोडायला आलेल्या पोराने तो बॉलपेनने मीटरच्या फळीवर लिहिला. मीटर घराच्या बाहेर आहे हे सांगायला नकोच. फळीवर आधीच गॅसचा नंबर आहे, दूधवाल्याचा हिशोब आहे, कुठल्या तरी गणपतीची वर्गणी आहे, त्यात आणि एक ओळ. दर महिन्याला रीडिंग घ्यायला येणारा माणूस कन्नडमध्ये युनिट पुटपुटतो आणि जाताना मराठीत म्हणतो, नेट चांगलं आहे हो तुमचं.

आता नाव. नेटवर्कचं नाव असं ठेवा की लांबून कळलं पाहिजे कुणाचं आहे, आडनाव, गल्ली, वरचा मजला, सगळं. मी मात्र अभिमानाने देवनागरीत 'जय महाराष्ट्र' टाकायला गेलो तर राऊटर घेईना. चौकशी केली तेव्हा कळलं की नावाला जागा ३२ बाइटची, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, काना मात्रा हलन्त सगळे वेगळे मोजतात. 'जय महाराष्ट्र' भरतं ३७. मग चिडून 'जय कर्नाटक' मोजलं तर २८, आरामात बसतं! १९५६ पासून आम्ही दर १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतोय, २००४ पासून सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात आहे, आणि निकाल राऊटरने देऊन टाकला. बेळगाव १८, बेळगावी २१, दोन्ही बसतात, तेवढ्यात तरी भांडण नाही. शेवटी नुसतं 'जय' ठेवलं, शेजाऱ्यांना वाटतं पोराचं नाव आहे.

नाव लपवून ठेवा असं पण सांगतात कुणी कुणी. जरूर लपवा. राऊटर गप्प बसला की तुमचा फोन बोलायला लागतो, जाईल तिथे 'आमचं अमुक वायफाय इथं आहे काय' म्हणून हाका मारत फिरतो, खडे बाजारात, टिळकवाडीच्या दुसऱ्या गेटला रेल्वे जाईपर्यंत थांबलात तर तिथे पण. म्हणजे बुरखा घालायचा आणि स्वतःच आपलं नाव ओरडत जायचं.

राऊटरवर डब्ल्यूपीएस नावाचं बटण असतं, ते बंद करू नका, पाहुण्यांना पासवर्ड न टाकता नेट जोडायची सोय आहे ती. त्याचा पिन ८ आकडी, म्हणजे वाटतं कोट्यवधी शक्यता. पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून निघतो, आणि राऊटर पहिले चार वेगळे तपासतो आणि पुढचे तीन वेगळे, म्हणजे १०,००० अधिक १,०००, फार तर ११,००० वेळा कडी वाजवली की दार उघडतं. हे २०११ मध्येच जगाला कळलं. आमच्या इथे मागावर धोटा दिवसभर इकडून तिकडे पळतो तिथे अकरा हजार म्हणजे काय आकडा आहे?

माळ्यावरचा जुना राऊटर असेल तर सोन्याहून पिवळं. त्यातलं डब्ल्यूईपी, म्हणजे वायफायचं जुनं कुलूप, २००१ मध्येच फुटलंय, पण वस्तू चालू आहे तोवर टाकायची नाही हा आपला संस्कार. सेटिंगच्या पानाचं, म्हणजे १९२.१६८.१.१ चं, नाव ॲडमिन आणि पासवर्ड पण ॲडमिन असतो बऱ्याच डब्यांवर, तो बदलला तर कंपनीला वाईट वाटेल. अपडेट तर अजिबात नको. २०१७ मध्ये डब्ल्यूपीए-टू मध्येच खोट सापडली होती आणि अपडेटने बुजवता येत होती, तेव्हापासून आमच्या राऊटरवर आईने विणलेला क्रोशाचा रुमाल आहे, तो कोण हलवणार.

आणि कुणी तुमच्या नेटवर भलतं काही केलंच तर पोलीस आधी तुमच्याच दारात येतात. २००८ च्या जुलैत अहमदाबादच्या स्फोटांआधीचा ईमेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका अमेरिकन माणसाच्या उघड्या वायफायवरून गेल्याचं निघालं होतं. पोलिसांना चहा पाजायला घरात दूध असू द्या.

आमच्याकडे रोज संध्याकाळी समोरचा पोरगा खिडकीखालच्या कट्ट्यावर बसतो, मान खाली, अंगठा वर. आई त्याला चुरमुऱ्यांचा चिवडा देते, म्हणते किती माया आहे बघ त्याची, दुसरीकडे कुठे बसत नाही. मी एकदा कट्ट्याच्या त्या टोकाला फोन घेऊन बसून बघितलं, तिथे रेंजची एकच काडी येते.

परवा मी मनावर घेतलं. सोळा अक्षरी पासवर्ड ठेवला, डब्ल्यूपीएस बंद, पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं. तासाभरात खिडकीतून आवाज आला.

"आज्जी, नेट बंद पडलंय काय ओ?"

"नाही रे बाळा, ह्याने पासवर्ड बदललाय. लई मोठा आहे, मला तोंडपाठ नाही. मीटरवर बघ की."

जाऊन बघितलं तर जुन्यावर एक आडवी रेघ, आणि खाली आईच्या अक्षरात, पोथी लिहावी तशी सुटी सुटी, सोळाच्या सोळा अक्षरं.