मनगटाचा पट्टा ही पळवाट नव्हे: एका प्रतिक्रियेला उत्तर

कार्पल टनेल सिंड्रोमवर, म्हणजे मनगटातील अरुंद जागेत नस दाबली जाऊन बोटे बधिर होण्याच्या विकारावर, शस्त्रक्रियेविना करता येणाऱ्या उपचारांविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. इंजेक्शन आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या यांविषयीही आपले आक्षेप आहेत. परंतु ‘रात्री पट्टा बांधून झोपणे ही शस्त्रक्रियेला घाबरणाऱ्यांनी स्वतःची घातलेली समजूत असून लेखिका तीच भीती वाचकांत पसरवत आहेत’ हे वाक्य मला सोडून देता येत नाही.

मतभेद असावेत, पण ज्या व्यक्तीला आपण कधी भेटलाही नाहीत तिला भित्री ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? जिल्हा न्यायालयात लघुलेखक म्हणून मी उमेदीची सारी वर्षे आधी टंकयंत्रावर आणि मग संगणकावर काढली. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होऊन मध्यरात्री जाग येणे, हात झटकत बसून राहणे, सकाळी कुकरचे झाकण लावताना पकड सुटणे हे मी भोगले आहे. पित्ताशयाची शस्त्रक्रिया डॉक्टरांनी सांगताच मी विनातक्रार करून घेतली. हाताच्या बाबतीत मात्र नर्व्ह कंडक्शन टेस्टमध्ये, म्हणजे नसेतून संदेश किती नीट जातो हे मोजणाऱ्या तपासणीत, नसेवरचा दाब मध्यम स्वरूपाचा निघाला, अंगठ्याच्या बुडाचा स्नायू शाबूत होता, म्हणून ऑर्थोपेडिक डॉक्टरांनीच आधी पट्टा सुचवला, आणि त्याने माझी झोप परत आली. ही समजूत असेल, तर माझ्या बोटांचीही तीच समजूत झाली असे म्हणावे लागेल.

आता कारणही ऐका. मनगटातील त्या अरुंद जागेतून बोटांकडे जाणारे नऊ स्नायुबंध आणि मीडियन नर्व्ह, म्हणजे या विकारात दाबली जाणारी नस, असे सगळे दाटीवाटीने जातात. झोपेत मनगट दुमडले गेले की आतला दाब वाढतो, आणि पट्टा ते सरळ ठेवून हे टाळतो. नेदरलँड्समध्ये १७६ रुग्णांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन महिन्यांनी शस्त्रक्रियेच्या गटातील ८० टक्के, तर पट्ट्याच्या गटातील ५४ टक्के रुग्णांना चांगला गुण आला होता. शस्त्रक्रिया सरस ठरली, हे मी कधीच नाकारलेले नाही, आणि पट्ट्याच्या गटातील ४१ टक्के लोकांनी दीड वर्षात शस्त्रक्रिया करून घेतली हेही खरे. परंतु निम्म्याहून अधिक माणसांना तीन महिन्यांत आलेला गुण आपण कोणत्या आधारावर समजूत म्हणून मोडीत काढता? गरोदरपणात ज्यांच्या हाताला मुंग्या येतात त्यांचा त्रास बहुधा बाळंतपणानंतर ओसरतो. तोवर पट्टा वापरणाऱ्या त्या बायकाही आपल्या लेखी भित्र्याच का?

एक मान्य करते. बधिरपणा सतत राहू लागला किंवा अंगठ्याच्या बुडाचे मांस झडू लागले तर पट्ट्यावर वेळ घालवू नये, हा इशारा माझ्या लेखात शेवटी आला. तो वर घ्यायला हवा होता आणि आता घेतला आहे.

उरलेल्या आक्षेपांवर फार लिहिण्यासारखे नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा गुण तात्पुरता असतो, हे लेखात आहेच: २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील अभ्यासात सहा आठवड्यांनी इंजेक्शन रात्रीच्या पट्ट्यापेक्षा सरस ठरले, सहा महिन्यांनी फरक उरला नाही. ब-६ जीवनसत्त्वाची शिफारस मी कुठेही केलेली नाही. त्याच्या मोठ्या मात्रा दीर्घकाळ घेतल्यास नसांनाच इजा होते. लेख पुरता वाचला असता तर हे दोन्ही परिच्छेद आपल्याला लिहावे लागले नसते.

पट्टा किती आठवडे लावून पाहावा आणि कोणत्या टप्प्यावर सर्जनकडे जावे, यावर आपल्याला लिहायचे असेल तर जरूर लिहा, मी उत्तर देईन. माझ्या धैर्याविषयीच्या शेऱ्यांना यापुढे उत्तर मिळणार नाही.