जुने झाले म्हणून पिस्तूल परवान्यातून सुटत नाही

गेल्या महिनाभरात एक मजकूर आमच्या पेठेतील तालमीच्या व्हॉट्सॲप गटावर आला, तेथून भावकीच्या गटावर गेला आणि परवा तोच मजकूर एका सहकाऱ्याने मला "हे खरे आहे का हो?" असे विचारत पाठवला. त्यात म्हटले आहे की, शंभर वर्षे झालेली वाडवडिलांची पिस्तुले 'अँटिक' ठरतात, त्यामुळे त्यांना परवाना लागत नाही आणि संस्थानकाळातला दरबारचा कागद असला तरी पुरतो. अशी पिस्तुले मुद्रांकावर करारनामा करून कोणालाही विकता येतात आणि त्यांचे लाखो रुपये येतात. अमेरिकी लष्कराचे पंचेचाळीसचे (.४५ बोअरचे) कोल्ट पिस्तूल साध्या परवान्यावर मिळते. आपल्या कोल्हापूरचे नेमबाजही असलीच पिस्तुले वापरतात. शेवटी, जुनी पिस्तुले आजच्यापेक्षा भक्कम असल्याने शेतात चार गोळ्या झाडून पाहण्यास हरकत नाही, असा सल्लाही आहे.

माझ्याकडे आजोबांकडून आलेले, वेब्ली अँड स्कॉट कंपनीचे .३२ बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे माप) पिस्तूल रीतसर परवान्यावर आहे आणि ते माझ्या नावावर करून घेताना शस्त्र कायदा मला अनेकदा वाचावा लागला. त्या वाचनाच्या आणि पिस्तूल हाताळण्याच्या आधारावर या मजकुरातील विधाने एकेक करून तपासतो.

पहिले विधान अँटिकचे. ही 'शंभर वर्षां'ची अट मजकूर लिहिणाऱ्याने हवेतून आणलेली नाही. ती १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यातून आलेली असावी, कारण त्या कायद्यात साधारणपणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू मानली जाते. परंतु तो कायदा अशा वस्तूंची नोंदणी, व्यापार आणि परदेशी निर्यात यांचे नियमन करतो. तो कोणालाही शस्त्रपरवान्यातून सूट देत नाही. सूट कोणाला मिळते हे शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मध्ये सांगितले आहे आणि तेथील शब्दरचना नीट वाचण्यासारखी आहे. कालबाह्य घडणीचे, पुरातन मूल्य असलेले किंवा नादुरुस्त झालेले शस्त्र सुटते खरे, पण ते दुरुस्तीशिवाय किंवा दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसले तरच. म्हणजे कायदा पिस्तुलाचे वय विचारत नाही, त्यातून गोळी सुटू शकते का एवढेच विचारतो. १९०८ चे वेब्ली, १९१० चे एफएन ब्राउनिंग किंवा १९३१ चे वाल्थर पीपीके यांची स्प्रिंग बदलली आणि फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर ठोका मारणारी सुई) नवी बसवली की ती चालू लागतात, म्हणून शंभरी गाठली काय किंवा ओलांडली काय, ती परवान्याच्या कक्षेतच राहतात. ज्या .३२ च्या काडतुसासाठी यांतील बरीच पिस्तुले घडवली गेली, ते काडतूस आजही मिळते. माझ्या पेटीतील काडतुसांच्या बुडावर खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा 'केएफ' हा ठसा आहे. ज्याचे काडतूस आजही बनते, ते शस्त्र कालबाह्य कसे म्हणावे?

विनापरवाना असे पिस्तूल बाळगण्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षे आणि कमाल पाच वर्षे कैद अशी आहे. कोल्हापुरात न्यू पॅलेसच्या संग्रहालयात जुनी शस्त्रे काचेआड दिसतात, मग आमच्या माळ्यावर असली तर काय बिघडले, असा युक्तिवाद आमच्या गटावर एकाने केला. संस्थेच्या जबाबदारीवर कुलूपबंद असलेली वस्तू आणि घरातल्या ट्रंकेत साड्यांखाली ठेवलेले पिस्तूल यांची तुलना होत नाही, याहून अधिक उत्तर त्याला देण्याची गरज मला वाटत नाही.

दरबारच्या कागदाचे म्हणावे तर, कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले आणि आजचा शस्त्र कायदा १९६२ च्या १ ऑक्टोबरला अमलात आला. संस्थानकाळातला परवाना घराण्याच्या इतिहासाचा उत्तम पुरावा आहे, तो जपून ठेवावा, त्याला चौकट करून भिंतीवर लावावे. पण आज शस्त्र बाळगण्याचा हक्क जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेल्या, मुदतीत असलेल्या आणि विशिष्ट ओळख क्रमांक चढवलेल्या परवान्यानेच मिळतो.

पंचेचाळीसच्या कोल्टचे विधान मला सर्वांत धोक्याचे वाटते, कारण ते अर्धवट माहितीवर उभे आहे. मजकुरासोबत चंद्रशेखर आझाद यांच्या पिस्तुलाचे छायाचित्र जोडले आहे. प्रयागराजच्या संग्रहालयात ठेवलेले ते पिस्तूल कोल्टचेच आहे, परंतु ते १९०३ च्या नमुन्याचे, .३२ बोअरचे, खिशात मावणारे पिस्तूल आहे. अमेरिकी लष्कराने १९११ मध्ये स्वीकारलेले आणि १९८५ पर्यंत मुख्य पिस्तूल म्हणून वापरलेले पंचेचाळीसचे कोल्ट हे वेगळे, रिकामे असतानाच सुमारे अकराशे ग्रॅम भरणारे शस्त्र आहे. दोन्हींचा रचनाकार जॉन ब्राउनिंग हाच, त्यामुळे गोंधळ समजण्यासारखा आहे. (नाशिकला २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेले पिस्तूलही ब्राउनिंगच होते, म्हणून हे नाव मराठी घरांत शंभर वर्षांपासून ठाऊक आहे.) कायद्याच्या दृष्टीने मात्र या दोन कोल्टमध्ये जमीन-अस्मानाचे अंतर आहे. शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीनुसार, लष्करी वापराचे ९ मिलिमीटरचे किंवा .४५ चे रिमलेस (बुडाला बाहेर आलेली कडा नसलेले) काडतूस ज्यात बसते आणि झाडता येते, असे पिस्तूल निषिद्ध बोअरमध्ये मोडते. ते बाळगण्यासाठी केंद्र सरकारची खास परवानगी लागते आणि ती नसताना ते सापडल्यास शिक्षा सात ते चौदा वर्षांची आहे. याच कारणाने ब्राउनिंगचे १९३५ चे तेरा गोळ्यांचे 'हाय-पॉवर', ज्याची भारतीय आवृत्ती आपले लष्कर वापरत आले, तेही सामान्य परवानाधारकाला मिळत नाही. सामान्य परवान्यावर चालणाऱ्या अर्धस्वयंचलित पिस्तुलांत .३२ हा आपल्याकडचा नेहमीचा बोअर आहे. कोणी "पंचेचाळीसचे आहे, कागद करून देतो" म्हणाला, तर तो कागद कोणत्या कार्यालयाचा आहे हे विचारण्याचेही कारण नाही, तेथून निघून यावे.

विक्रीच्या विधानातील पैशांची बाब थोडीफार खरी आहे. १९८० च्या दशकात खासगी व्यक्तींसाठी विदेशी शस्त्रांची आयात जवळजवळ बंद झाली, त्यामुळे देशात तेव्हा जी वाल्थर, वेब्ली, कोल्ट होती तीच फिरत राहिली आणि त्यांचे भाव चढले. परंतु हा भाव चालू परवान्यावरच्या, क्रमांक जुळणाऱ्या आणि मूळ झिलई शाबूत असलेल्या पिस्तुलाला मिळतो. स्लाइडवरचा (वरच्या, मागेपुढे सरकणाऱ्या भागावरचा) आणि सांगाड्यावरचा क्रमांक एक असावा लागतो, मॅगझिन (मुठीत बसणारी काडतुसांची पेटी) मूळचे असावे लागते आणि चाचणीचे ठसे वाचता यावे लागतात. आमच्या चुलत्यांनी एका दिवाळीला आजोबांचे पिस्तूल पॉलिश पेपरने घासून आरशासारखे केले आणि घरात सर्वांना कौतुकाने दाखवले. जाणकाराने ते हातात घेऊन एवढेच विचारले की, हे कोणी केले. निळसर काळी झिलई गेली ती गेली, आणि ठशाच्या कडा बोथट झाल्या. नशीब असे की क्रमांक वाचता येतो, कारण क्रमांक पुसलेले शस्त्र ज्याच्या ताब्यात सापडते त्यानेच तो पुसला, असे कलम ८ नुसार गृहीत धरले जाते आणि तसे नसल्याचे त्यालाच सिद्ध करावे लागते.

'मुद्रांकावर करारनामा करून कोणालाही' हा भाग मात्र सर्वस्वी चुकीचा आहे. कलम ५ प्रमाणे परवानाधारकाला आपले खासगी शस्त्र विकता येते, पण घेणाऱ्याकडे त्या प्रकारच्या शस्त्रासाठी स्वतःचा परवाना आधी असावा लागतो. विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला, घेणाऱ्याचे नाव आणि पत्ता देऊन, विक्रीचा इरादा लेखी कळवावा लागतो आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावे लागते. त्या मुदतीनंतर शस्त्र हस्तांतरित करून एका परवान्यावरची नोंद काढली जाते आणि दुसऱ्यावर चढवली जाते. घेणारा हक्कदार आहे की नाही याची खातरजमा न करता शस्त्र त्याच्या हाती देणे हाही गुन्हाच आहे. शंभर किंवा पाचशेच्या मुद्रांकाने यांतील एकही पायरी टळत नाही. उलट तो मुद्रांक तुमच्या सहीनिशी पुरावा होऊन बसतो. शिवाय २०१९ पासून एका व्यक्तीला दोनच बंदुका बाळगता येतात, पूर्वी ही मर्यादा तीन होती, आणि वारशाने आलेले शस्त्रही त्या दोनांतच धरले जाते. म्हणून घेणाऱ्याच्या घरी आधीच बारा बोअरची बंदूक आणि रिव्हॉल्व्हर असेल, तर तो कितीही पैसे मोजायला तयार असला तरी त्याला विकता येत नाही. व्यवहार परवानाधारक शस्त्रविक्रेत्यामार्फत करावा, हा माझा आग्रह आहे. त्याला कमिशन द्यावे लागते, पण व्यवहाराची नोंद त्याच्या वहीत राहते.

नेमबाजांचे विधान दोन वाक्यांत निकाली निघण्यासारखे आहे, पण कोल्हापूरच्या नावाचा प्रश्न असल्याने थोडे अधिक लिहितो. २०१० मध्ये म्युनिचला विश्वविजेती ठरलेली तेजस्विनी सावंत आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला कांस्यपदक मिळवणारा राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, दोघेही ५० मीटर रायफलचे नेमबाज. पिस्तुलाची खेळाडू म्हणजे २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारी राही सरनोबत, आणि तिचा २५ मीटर प्रकार .२२ च्या स्पर्धा-पिस्तुलाने खेळला जातो. त्या पिस्तुलाची मूठ नेमबाजाच्या तळव्याप्रमाणे घडवलेली असते, निशाणीचे काटे फिरवून जुळवता येतात आणि चाप ओढायला लागणारा जोर नियमाने किमान एक किलो ठरलेला असतो. माझ्या वेब्लीची निशाणी म्हणजे स्लाइडवरची एक बारीक खाच. २५ मीटरवर कागदाला गोळी लागली तर मी समाधान मानतो.

आता भक्कमपणा आणि शेतातल्या चार गोळ्या. .३२ च्या बहुतेक जुन्या पिस्तुलांत नळी सांगाड्याला पक्की असते आणि गोळी सुटताना स्लाइडला मागे येण्यापासून रोखणारे कुलूप नसते. स्लाइडचे वजन आणि परतीची स्प्रिंग एवढ्यावरच सारा भार असतो. ही स्प्रिंग कोल्ट १९०३ मध्ये नळीखाली, तर एफएन १९१० मध्ये नळीभोवती असते. साठ-सत्तर वर्षे दाबून राहिलेली स्प्रिंग थकते, मग स्लाइड दर गोळीला सांगाड्यावर आपटत राहते आणि एके दिवशी पोलादाला बारीक चीर जाते, जी झिलईखाली दिसतही नाही. त्या काळच्या अनेक पिस्तुलांत, ते हातातून पडल्यास फायरिंग पिन अडवून धरणारी व्यवस्था नसते. कोल्ट १९०३ ला 'हॅमरलेस' (बिनघोड्याचे) म्हणतात, पण त्यात घोडा आहे, तो स्लाइडच्या आत झाकलेला असतो, इतकेच. तो चढलेला आहे की उतरलेला, हे बाहेरून दिसत नाही. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, ही समजूत तर घातकच आहे. एक काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला, जेथे झाडायचे काडतूस बसते तेथे) राहिलेले असू शकते आणि काही पिस्तुले मॅगझिनशिवायही चाप ओढताच उडतात. म्हणून मॅगझिन काढावे, मग स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी पाहावे आणि बोटानेही चाचपावे. पहिल्या दिवशी मी अंगठा स्लाइडच्या मागे ठेवला होता. ती खूण अजून आहे.

ट्रंकेतली जुनी काडतुसे हा आणखी वेगळा धोका आहे. चाप ओढल्यावर काही झाले नाही, तर काडतूस उशिरा पेट घेण्याची शक्यता असल्याने नळी निशाणाकडेच ठेवून किमान अर्धा मिनिट थांबावे लागते. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर गोळी नळीतच अडकली असण्याची शक्यता असते आणि तिच्यामागून दुसरी झाडली तर नळी फुगते किंवा फुटते. बोलताना आपण सरसकट 'बत्तीसची' म्हणतो, पण रिव्हॉल्व्हरचे .३२ चे काडतूस लांब आणि बुडाला कडा असलेले असते. पिस्तुलाचे आखूड असते. एकाच्या जागी दुसरे चालत नाही.

शेतात झाडण्याविषयी, उसाच्या फडात दहा फुटांपलीकडे काय आहे ते दिसत नाही. तेथे तोडणारे असतात, पाणी पाजणारा असतो, आणि नळी थोडी वर झाली तर .३२ ची गोळी किलोमीटरभर जाऊ शकते. पंचगंगेच्या पाण्यावरून ती घसरून कोठे जाईल याचाही अंदाज करता येत नाही. लग्नात किंवा मिरवणुकीत हवेत झाडलेली गोळी खाली येतेच, आणि अशा जल्लोषात निष्काळजीपणे गोळी झाडून जिवाला धोका निर्माण केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद २०१९ पासून स्वतंत्रपणे आहे. झाडायचेच असेल, तर मातीच्या भरावापुढे, देखरेखीखाली, रेंजवर झाडावे.

मजकूर पाठवणाऱ्या सहकाऱ्याचा खरा प्रश्न शेवटी बाहेर पडला: आजोळच्या माळ्यावर ट्रंकेत खरोखरच एक पिस्तूल सापडले आहे, परवानाधारक आजोबा वारले आहेत, आता करायचे काय? त्याला मी सांगितले ते असे. ट्रंक बंद करून खोलीला कुलूप लावावे आणि स्लाइड ओढून पाहू नये. जुना परवाना, मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती घेऊन आधी वकिलाकडे, मग विनाविलंब पोलीस ठाण्यात जावे आणि लेखी अर्ज द्यावा. शस्त्र दुचाकीच्या डिकीत घालून स्वतः नेऊ नये, ते कसे जमा करायचे हे ठाण्यालाच विचारावे. कलम २१ प्रमाणे ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा होते आणि वारसाचा हक्क बुडत नाही. २०१६ च्या नियमांत वारसाला परवाना देण्याची तरतूद आहे, त्यासाठी त्याने अर्ज करावा, आणि ठेवायचे नसल्यास जमा असलेल्या स्थितीतच हक्कदार ग्राहकाला विकावे. जमा करताना मिळालेल्या पावतीवर कंपनीचे नाव, बोअर आणि क्रमांक बरोबर लिहिला आहे का, ते मात्र तेथेच उभे राहून ताडून घ्यावे. माझ्या पावतीवर पिस्तुलाच्या जागी रिव्हॉल्व्हर लिहिले गेले होते आणि तो एक शब्द दुरुस्त होईपर्यंत पाच महिने गेले.