मॉर्फीन म्हणजे छुपं इच्छामरण? डोसचा कागद काय सांगतो ते पाहा

"शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णाला मॉर्फीन सुरू करतात म्हणजे डॉक्टर त्याला हळूहळू संपवत असतात. श्वास मंदावतो, अन्नपाणी तोडतात, दोन दिवसांत माणूस जातो. मग उघड इच्छामरणाला विरोध कशाला?" अशा आशयाचा मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. गंमत अशी की दोन्ही बाजूंना तो सोयीचा वाटतो. समर्थक म्हणतात, चोरून चालतंच आहे तर कायदेशीर करा. विरोधक म्हणतात, बघा, पॅलिएटिव्ह केअरच्या (गंभीर आजारात त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या) नावाखाली खून चाललेत. दोघांच्या युक्तिवादाचा पाया तोच, आणि तो कच्चा आहे.

"मॉर्फीनने श्वास थांबतो."

थांबू शकतो. शरीराला सवय नसताना मोठी मात्रा एकदम दिली, तर नक्कीच. वेदनाशमनात तसं देत नाहीत. मॉर्फीन कधीच न घेतलेल्या अशक्त किंवा वयस्क रुग्णाला तोंडाने 2.5 ते 5 मिलिग्रॅम, दर चार तासांनी, अशी सुरुवात होते. साधी गोळी अर्ध्या तासात काम करू लागते, तासाभरात परिणाम शिगेला पोचतो, चार तासांत ओसरतो. म्हणूनच दुखण्याची वाट न बघता घड्याळ लावून देतात. 1967 मध्ये सिसिली साँडर्स यांनी लंडनमध्ये सुरू केलेल्या सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिसमध्ये (मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषागृहात) हीच शिस्त रुजली.

मध्येच कळ उठली तर जादा डोस, दिवसाच्या एकूण मात्रेच्या सहाव्या ते दहाव्या भागाइतका. दिवसाला 30 मिलिग्रॅम चालू असेल तर 3 ते 5 मिलिग्रॅम. असे किती डोस लागले ते मोजून पुढची मात्रा ठरते आणि वाढ साधारण 30 ते 50 टक्क्यांच्या आत ठेवतात. वेदना स्वतःच श्वसनकेंद्राला डिवचत असते. मात्रा वेदनेच्या मापात राहिली तर श्वासावर फारसा परिणाम होत नाही, आणि त्या परिणामाला शरीर लवकर सरावतं. छोट्या मात्रेतलं मॉर्फीन धाप कमी करण्यासाठीसुद्धा वापरतात, हे त्या मजकुरात अर्थातच नसतं.

मात्रा जास्त होऊ लागली तर शरीर सहसा आधी सूचना देतं. गुंगी वाढत जाते, हातपाय अचानक झटके देतात, भास होतात. श्वास मिनिटाला आठच्या खाली जाणं ही पुढची पायरी. (पहिल्या दोन-तीन दिवसांतली झोप वेगळी. कित्येक रात्री जागून काढलेल्या माणसाला दुखणं थांबल्यावर झोप लागणारच.) मूत्रपिंडं निकामी असतील तर मॉर्फीनपासून शरीरात तयार होणारे घटक साठतात आणि नेहमीची मात्राही चढते. अशा वेळी दोन डोसमधलं अंतर वाढवतात किंवा फेंटॅनिलसारखं दुसरं औषध घेतात. आणि रोज छळतो तो बद्धकोष्ठ. त्याला शरीर सरावत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून रेचक द्यावं लागतं.

खरे अपघात वेगळ्या ठिकाणी होतात. मिलिग्रॅम आणि मिलिलिटर यांत गल्लत होते. हळूहळू विरघळणारी गोळी चुरून दिली की बारा तासांचं औषध एकदम अंगात जातं. फेंटॅनिलचा पॅच (कातडीवर चिकटवायची औषधी पट्टी) ज्याला मॉर्फीनवर्गातल्या औषधांची सवयच नाही अशा रुग्णाला लावतात. तासाला 25 मायक्रोग्रॅमचा पॅच म्हणजे दिवसाला तोंडाने घेतलेलं किमान 60 मिलिग्रॅम मॉर्फीन. त्यावर गरम पिशवी ठेवली तर औषध आणखी वेगाने शिरतं. या चुका जीवघेण्या आहेत, पण त्या चुका आहेत.

"सुरू केलं आणि दोन दिवसांत गेले."

कारण सुरूच शेवटच्या दोन दिवसांत केलं! याच भीतीपोटी घरचे आणि कधीकधी डॉक्टरही ते लांबवत राहतात. मध्येच थांबणारा श्वास, घशातली घरघर, गार पडलेले हातपाय, कातडीवर उमटणारं जांभळट जाळं हे सगळं मॉर्फीन न घेतलेल्या मरणासन्न माणसातही दिसतं. उलट महिनोन्‌महिने मॉर्फीन घेत हिंडणारेफिरणारे रुग्ण असतात. फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या 151 रुग्णांवरचा अमेरिकेतला अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. निदानानंतर लगेच पॅलिएटिव्ह केअर मिळालेल्या गटातले निम्मे रुग्ण 11.6 महिन्यांपेक्षा जास्त जगले, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांतले निम्मे 8.9 महिन्यांपेक्षा जास्त. ही मॉर्फीनची चाचणी नव्हती, पण "पॅलिएटिव्ह म्हणजे लवकर मारणं" या दाव्याला ती सरळ छेद देते.

"अन्नपाणी तोडतात."

मरणाच्या जवळ गेलेल्या शरीराची भूक आधी मरते. बळेच भरवलं तर घास श्वासनलिकेत जातो, सलाइन चढवलं तर सूज आणि घरघर वाढू शकते. मागेल तेवढं द्यावं, ओठ-जीभ ओली ठेवावी. गिळू शकणाऱ्या, भूक असलेल्या माणसाचं अन्न थांबवणं ही निराळी गोष्ट आहे आणि तिचं समर्थन कुणी करू नये.

"व्हेंटिलेटर काढणं आणि मरणाचं इंजेक्शन देणं, एकच."

इथे तत्त्वज्ञांमध्ये खरा वाद आहे, तो झटकून टाकता येत नाही. तरी कृती शेजारी शेजारी ठेवून बघा. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये 2002 पासून इच्छामरण कायदेशीर आहे. तिथे डॉक्टर आधी खोल भूल देतात, मग स्नायू लुळे पाडणारं औषध. मॉर्फीन त्या कामाला बेभरवशाचं म्हणून टाळतात. व्हेंटिलेटर काढताना नेमकं उलटं: स्नायू लुळे पाडणारं औषध चालू असेल तर त्याचा अंमल आधी पूर्ण उतरू द्यायचा, नाहीतर रुग्णाला होणारा त्रास दिसणारच नाही. त्रास दिसला तर मॉर्फीन आणि मिडाझोलम (गुंगी आणणारं औषध) द्यायचं. आणि नळी काढल्यावर रुग्ण स्वतः श्वास घेत राहिला तर त्याला जगू देतात. इंजेक्शनच्या योजनेत ही शक्यताच ठेवलेली नसते.

"हेतू डॉक्टरच्या मनात, तो कोण तपासणार?"

सगळ्यात वजनदार मुद्दा हा. पण हेतू कागदावर उतरतो. ब्रिटनमध्ये 1992 साली डॉ. नायजेल कॉक्स खुनाच्या प्रयत्नात दोषी ठरले ते पोटॅशियम क्लोराइडच्या इंजेक्शनमुळे. त्याने वेदना कमी होत नाहीत, हृदय बंद पडतं. रुग्ण असह्य यातनेत होती, तरी त्या औषधाला दुसरं स्पष्टीकरण नव्हतं.

मॉर्फीनवर्गातल्या औषधांनीही आयुष्य तोडता येतं, याचा पुरावा इंग्लंडमधल्या गॉस्पोर्ट वॉर मेमोरियल हॉस्पिटलमध्ये आहे. 2018 च्या चौकशी अहवालानुसार तिथे 1989 ते 2000 या काळात 450 हून अधिक रुग्णांचं आयुष्य अशा औषधांमुळे घटलं. त्यांतले कित्येक तर मरणपंथाला लागलेलेही नव्हते. हे उघड झालं त्यात केसपेपरचा मोठा वाटा होता: वेदनेची नोंद नाही, पण सतत औषध सोडणारा पंप सुरू.

म्हणून नातेवाइकांनी कागद मागावा. डोस कधी वाढवला, किती वाढवला, त्याआधी वेदना किंवा धाप किती लिहिली आहे, आणि डोसनंतर तासाभराने पुन्हा बघितलं का. उत्तरं पटत नसतील तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं. फिरत्या मजकुराला घाबरून घरी चालू असलेलं मॉर्फीन एकाएकी बंद मात्र करू नये. घाम, जुलाब, बेचैनी सुरू होते आणि दाबलेली वेदना उसळून येते. कमी करायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून, टप्प्याटप्प्याने.